हरवलेले पावतीपुस्तक

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा हा मजकूर. अनेक सभासदांच्या आग्रहावरून येथे छापत आहोत. – संपादक मंडळ)



टाउनशिपच्या शाळेत मी २८ वर्षं विज्ञान शिकवलं, त्यामुळे उभं राहून बोलायची भीती नाही. पण समोर वर्गातली मुलं असणं वेगळं आणि ज्यांच्या घरी आपण हळदीकुंकवाला गेलो, ज्यांच्या मुलांच्या मुंजी-लग्नांत वाढायला उभे राहिलो, ती माणसं असणं वेगळं. सेक्रेटरींचा फोन आला, "काकू, यंदा स्मृतिभ्रंशावर व्याख्यान ठेवायचंय, तुम्ही बोलाल का?" मी म्हटलं, "अरे, एखादा डॉक्टर बोलाव." तर म्हणतो, "डॉक्टर मागच्या वर्षी गुडघ्यांवर बोलले. लोकांना आता घरातलं ऐकायचंय." म्हणून आले. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकते. सात-आठ वर्षं एका माणसाची सोबत केली, त्या निमित्ताने जे वाचलं, विचारलं, पाहिलं, तेवढंच माझ्याजवळ आहे.

आमच्या ह्यांना तुमच्यापैकी बरेचजण 'खजिनदार काका' म्हणूनच ओळखत होतात. १९९१ पासून २०१२ पर्यंत मंडळाची वही त्यांच्याकडे होती. कॉस्टिंगमधली नोकरी, आकड्यांचा नाद. अर्ध्या टाउनशिपची आयकराची विवरणपत्रं जूनच्या शेवटच्या रविवारी आमच्या डायनिंग टेबलावर भरली जायची आणि चहा मी करत बसायचे. वर्गणीच्या पावतीवर खाडाखोड झाली तर ते ती पावती रद्द करून नवी फाडायचे, रद्द झालेली पुस्तकातच टाचून ठेवायचे.

२०१२ च्या उत्सवानंतर हिशेबात १८,४०० रुपये कमी भरले. एक पावतीपुस्तक सापडत नव्हतं. इथे जे त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेला होते त्यांना आठवत असेल. कोणीतरी साधा प्रश्न विचारला, "काका, पुस्तक नंबर सातचं काय झालं?" आणि ज्या माणसाचा आवाज २१ वर्षांत कोणी चढलेला ऐकला नव्हता, तो माणूस वही टेबलावर आपटून निघून गेला. पुढे काय कुजबुज झाली ती माझ्याही कानावर आली. नाव कोणाचं घेत नाही, आणि राग तर मुळीच नाही. तेव्हा मला स्वतःलाही काय वाटलं होतं ते आज सांगते. मला वाटलं, ह्यांनी कुणा नातेवाइकाला पैसे दिले असणार आणि माझ्यापासून लपवताहेत. पस्तीस-छत्तीस वर्षांच्या संसारानंतर मी हा विचार केला.

त्यांनी स्वतःच्या खात्यातून १८,४०० चा चेक मंडळाला दिला आणि राजीनामा दिला. विषय संपला असं वाटलं. पण दीड महिन्याने तेव्हाचे सेक्रेटरी रात्री आमच्याकडे आले. हे आत झोपले होते. त्यांनी खिशातून चेक काढून माझ्यासमोर ठेवला. पुन्हा १८,४०० चा. "वहिनी, हा दुसरा आहे. पहिला कधीच वटला. काल ते मला रस्त्यात थांबवून म्हणाले, हिशेब पुरा करायचा राहिलाय. वहिनी, हा पैशाचा प्रश्न नाही. काहीतरी बिघडलंय. तुम्ही डॉक्टरांना दाखवा." ते सेक्रेटरी आज पुण्यात मुलाकडे असतात. त्या रात्री ते आले नसते तर आमचं आणखी एखादं वर्ष भांडणात गेलं असतं.

मला आज तुम्हाला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. हा आजार घरात शिरतो तेव्हा तो 'विसरणं' म्हणून शिरत नाही, स्वभाव बदलल्यासारखा शिरतो. माणूस चिडका झाला, कंजूष झाला, संशयी झाला, आळशी झाला, खोटं बोलायला लागला असं आपल्याला दिसतं. आपण त्याच्याशी भांडतो. पैशाचे व्यवहार तर सगळ्यात आधी डळमळतात, कारण हिशेब ठेवायला एकाच वेळी बऱ्याच गोष्टी डोक्यात धराव्या लागतात. अमेरिकेत २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की पुढे ज्यांना हा आजार असल्याचं निदान झालं, त्यांची बिलं निदानाच्या सहा वर्षं आधीपासून थकायला लागली होती. हे वाचलं तेव्हा मी मागे जाऊन मोजलं. २००९ साली ह्यांनी एकाच विम्याचा हप्ता दोनदा भरला होता. एका चतुर्थीला साबुदाणा तीन वेळा आणला. शब्दकोडं सोडवायचं बंद केलं, विचारलं तर म्हणाले, "आताची कोडी भिकार असतात." चारचौघांत बोलेनासे झाले. मी म्हणायचे, रिटायर झाल्यावर पुरुष असेच होतात.

आता थोडं विज्ञान. वर्गात बसल्यासारखं वाटलं तर माफ करा.

'डिमेन्शिया' म्हणजे स्मृतिभ्रंश हे एका आजाराचं नाव नाही. ताप म्हटल्यावर जसं मलेरियाही असू शकतो आणि टायफॉइडही, तसंच हे आहे. आठवण, भाषा, वाट ओळखणं, निर्णय घेणं यांतलं बरंच काही इतकं ढासळतं की रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतःला करता येत नाहीत, त्या अवस्थेला स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याचं सगळ्यात मोठं कारण अल्झायमरचा आजार. दुसरं, मेंदूतल्या रक्तवाहिन्या तुंबत जाणं. ज्यांना रक्तदाब आणि मधुमेह आहे त्यांनी याकडे लक्ष द्यावं. यात माणूस पायरी-पायरीने उतरतो. आणखीही प्रकार आहेत. एकात नसलेली माणसं, जनावरं दिसतात, आणि एकात स्मरण बरं असतं पण वागणंच सैल सुटतं, तेही पन्नाशी-साठीत.

अल्झायमर हे डॉक्टरांचं नाव. आलोइस अल्झायमर, जर्मन. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात त्यांच्याकडे ऑगस्टे नावाची ५१ वर्षांची बाई आली. नवऱ्यावर विनाकारण संशय घ्यायची, वस्तू लपवायची, स्वतःचं नाव लिहिता लिहिता थांबायची. १९०६ मध्ये ती वारली तेव्हा त्यांनी तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशींच्या बाहेर कसली तरी पुटं साचलेली आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. आज त्या पुटांना अमायलॉइड म्हणतात आणि गुंता होतो तो टाऊ नावाच्या प्रथिनाचा. ही साचवण लक्षणं दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीच सुरू झालेली असते.

गुंता सुरुवातीलाच जिथे बसतो त्यात मेंदूच्या आतल्या बाजूचा 'हिप्पोकॅम्पस' हा छोटासा भाग येतो. नवीन घडलेलं टिपून ठेवणं हे त्याचं काम. म्हणून १९६५ सालच्या मिरजेच्या शाळेतल्या मास्तरांची नावं ओळीने सांगता येतात आणि दहा मिनिटांपूर्वी जेवलो हे आठवत नाही. घरचे म्हणतात, "बघा, हवं तेव्हा बरोबर आठवतं, मुद्दाम करतात." मुद्दाम नसतं. जुनं लिहून झालेलं असतं, नवीन लिहायची दौत वाळलेली असते.

आता इथे बसलेले निम्मे लोक मनात म्हणत असतील, मलाही नावं आठवत नाहीत, मला झाला वाटतं! घाबरू नका. वयानुसार आठवायला वेळ लागतो. नाव जिभेवर असतं, येत नाही, आणि रात्री दिवा मालवताना येतं. तुम्ही मंडळाची मीटिंग विसरलात, कोणी आठवण केली आणि तुम्ही म्हणालात "अरे हो, राहूनच गेलं!", तर ते साधं विसरणं. मीटिंगला जाऊन आलात, आणि दुसऱ्या दिवशी "मीटिंग कधी आहे?" विचारलंत, वर "काल झाली" म्हटल्यावरही काहीच हललं नाही, तर डॉक्टर गाठा. आणखी एक, विसरणाऱ्याला स्वतःला जेव्हा काळजी वाटत असते तेव्हा बऱ्याचदा फारसं काही नसतं. घरच्यांना काळजी वाटते आणि तो मात्र "मला काही झालेलं नाही" म्हणतो, तिथे जास्त जपावं.

तपासणीला गेल्यावर लगेच अल्झायमरचा शिक्का मारून घेऊ नका. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (आपल्यासारख्या शाकाहारी घरांत ती सर्रास असते), थायरॉइड मंदावणं, नैराश्य, पडल्यामुळे मेंदूवर हळूहळू साचलेलं रक्त, झोपेच्या आणि लघवीच्या काही गोळ्या, यातल्या कशानेही माणूस विसराळू होतो आणि यातलं पुष्कळसं सुधारतं. आमच्या जुन्या शेजारीण, त्यांचं नाव सांगत नाही पण त्या पहिल्या रांगेत हसताहेत, त्यांच्या घरी तर वाटण्या करायच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. निघालं बी-१२. आणि माणूस दोन दिवसांत एकाएकी बरळायला लागला तर तो स्मृतिभ्रंश नव्हे. लघवीतला जंतुसंसर्ग असेल, सोडियम उतरलं असेल. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आमच्याकडे पहिल्या डॉक्टरांनी "वय झालं, रिटायरमेंटनंतर होतं" म्हणून टॉनिक दिलं, त्यात पाच महिने गेले. वय होतं ६४. शेवटी २०१३ मध्ये शहरात मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्त, एमआरआय सगळं झालं, पण मला आठवतं ते घड्याळ. डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर गोल काढून दिला आणि म्हणाले, "यात घड्याळाचे आकडे भरा आणि अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा." आयुष्यभर आकड्यांत जगलेल्या माणसाने बाराच्या बारा आकडे उजवीकडच्या अर्ध्या भागात कोंबले आणि पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. बरोबर आलं का, असं विचारणारी नजर.

मग शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, इंग्रजीत. 'नाइन्टी थ्री' नंतर गाडी अडली. तेलुगूत विचारलं, तिथे एकही उत्तर आलं नाही. मी डॉक्टरांना म्हटलं, मी मराठीत विचारू का? विचारलं. "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर..." तिथे थांबले, पण तिथपर्यंत आले. डॉक्टरांनी तेवढे गुण वाढवून लिहिले. आपण परप्रांतात राहणारी माणसं, म्हणून मुद्दाम सांगते. तपासणीच्या वेळी घरातलं मराठी बोलणारं माणूस सोबत हवंच. नाहीतर भाषा न सुचण्यालाच आजार समजतील, नाहीतर उलट, आजाराला भाषेची अडचण समजून सोडून देतील.

भाषेवरून आठवलं. त्याच वर्षी, २०१३ मध्ये, आपल्याच हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाची लक्षणं एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतही हा फरक दिसला. जगभर या अभ्यासाची चर्चा झाली. म्हणजे भाजीवाल्याशी तेलुगू, शेजाऱ्याशी दख्खनी हिंदी, ऑफिसात इंग्रजी आणि घरी मराठी ही जी आपली कसरत चालते, ती फुकट जात नाही. ह्यांना चारही भाषा येत होत्या. ह्यांचा आजार त्यामुळे किती वर्षं पुढे ढकलला गेला, कोण सांगणार.

पण नंतर शिकलेल्या भाषा आधी गेल्या. २०१५ च्या सुमारास तेलुगू गेली, मग इंग्रजी, मग हिंदी तुटक झाली. राहिली मिरजेची मराठी. आणि दिवसभर सांभाळायला बाई होती नलगोंड्याकडची, तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. हे "तांब्या दे" म्हणायचे, ती पेपर आणून द्यायची. लघवीला जायचं सांगायचे, तिला कळायचं नाही, कपडे खराब व्हायचे, मग लाज आणि त्या लाजेपायी हात उगारणं. दोन बायका काम सोडून गेल्या. मी म्हणायचे, हे हिंसक झालेत. डॉक्टरही गोळी वाढवायला तयार होते.

मग माझ्या एका विद्यार्थिनीने सुचवलं आणि तिनेच लिहून दिलं. चाळीस मराठी शब्द तेलुगू लिपीत, मोठ्या अक्षरांत, समोर तेलुगू अर्थ. पाणी, तांब्या, लघवी, दुखतंय, भूक, पुरे, नको, थंडी, चष्मा, सावकाश, आत्ता येते. तो कागद स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला. नवी आलेली बाई, सरोजा, आठ दिवसांत ते शब्द शिकली. "तातगारू, सावकाश, सावकाश" म्हणत ती त्यांना न्हाणीघरात न्यायची आणि हे निमूट जायचे. वाढवलेली गोळी पुन्हा कमी केली. तो कागद माझ्याकडे अजून आहे, आज झेरॉक्स काढून आणले आहेत, बाहेर टेबलावर ठेवलेत. कन्नड, तमिळ लिपीत कोणाला हवा असेल तर मंडळातल्या तरुण मुलांनी करून द्यावा, मुलांना मुंबई-पुण्याला कळवायला व्हॉट्सॅप आहेच.

संध्याकाळ वाईट असते. दिवे लागणीच्या सुमाराला हे उठून दाराशी जायचे. "चल, घरी जाऊ." मी सांगायचे, अहो, हेच आपलं घर, १९८४ पासून. मग वाद, मग चिडणं. मला वाटायचं, मिरजेची ओढ लागली आहे. आपलं सगळ्यांचंच असं असतं ना, चाळीस वर्षं इथे काढली तरी 'घर' म्हटलं की गावचा वाडा. म्हणून २०१५ च्या दिवाळीत त्यांना मिरजेला घेऊन गेले. दिरांनी सगळं केलं. ज्या ओसरीवर ते लहानाचे मोठे झाले तिथे बसून संध्याकाळी सहा वाजता ते मला म्हणाले, "चल, घरी जाऊ." तेव्हा मला कळलं की हे घर नकाशावर नाही. त्यांना अनोळखी वाटत होतं, भीती वाटत होती, आणि भीतीला त्यांच्याजवळ एवढाच शब्द उरला होता. त्यानंतर मी वाद घालणं सोडलं. "चला" म्हणायचे, चपला घालायच्या, बिल्डिंगला एक चक्कर मारायची, कोपऱ्यावरच्या दुकानातून काहीतरी घ्यायचं आणि "आलं बरं घर" म्हणत परत यायचं. दहापैकी आठ वेळा जमायचं.

डॉ. मोहन आगाशे यांचा 'अस्तु' चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे ओळखीचं वाटेल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित हत्तीच्या मागे चालत जातात आणि माहुताची कन्नड बोलणारी बायको त्यांना लेकरासारखं सांभाळते. अमृता सुभाष यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मंडळाने एकदा इथे दाखवावा.

हरवण्याबद्दल एकच सांगते. २०१६ च्या विसर्जनाच्या दिवशी ढोल ऐकून हे खाली उतरले आणि गर्दीबरोबर चालत गेले. पाच तासांनी लिंगमपल्ली स्टेशनच्या बाकावर सापडले. चप्पल एकाच पायात. खिशात नाव-पत्ता काही नाही. तुमच्यातले पंधरा-वीसजण स्कूटरी घेऊन फिरलात, विसर्जन सोडून. त्यानंतर त्यांच्या प्रत्येक शर्टाच्या आतल्या बाजूला फोन नंबर लिहिलेली पट्टी मी शिवली. हे काम निदान झालं त्याच आठवड्यात करायला हवं होतं.

आणि कागदपत्रं. इथे आमची मोठी फसगत झाली, म्हणून नीट ऐका. आपला समज असतो की मुखत्यारपत्र करून ठेवलं की झालं. आपल्याकडे साधं मुखत्यारपत्र, ते देणाऱ्याची समज गेली की कायद्याने संपतं, म्हणजे गरज लागते नेमकं तेव्हाच ते उपयोगाचं राहत नाही. आमच्या दोन ठेवी एकट्या ह्यांच्या नावावर होत्या, सही जुळेना, आणि पालक नेमून घ्यायला हायकोर्टापर्यंत जावं लागतं हे वकिलाने सांगितलं. तेव्हा माणूस समजून-उमजून सही करू शकतो तोपर्यंत खाती दोघांच्या नावाने करा, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' असं लिहून. नामनिर्देशन तपासा, मृत्युपत्र करा. उपचार कसे हवेत, कसे नकोत हे आधीच लिहून ठेवायची तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे. चतुर्थीच्या दिवशी मृत्युपत्राच्या गोष्टी कशाला, असं मागून कोणीतरी म्हणतंय. मग पंचमीला करा!

औषधांचं काय, हे सगळे विचारतात. डोनेपेझिल, रिवास्टिग्माइन, मेमँटीन या गोळ्या आहेत. त्या काहींना काही काळ थोडी धुगधुगी देतात, आजार थांबवत नाहीत. ह्यांना डोनेपेझिलने साधारण वर्षभर बरं वाटलं. अमेरिकेत २०२३ साली लेकॅनेमॅब आणि २०२४ साली डोनॅनेमॅब या इंजेक्शनांना पूर्ण मान्यता मिळाली. ती मेंदूतलं अमायलॉइड काढतात. त्यांच्यामुळे अगदी सुरुवातीच्या अवस्थेत आजाराचा वेग काहीसा मंदावतो, पण मेंदूला सूज येणं, रक्तस्राव होणं हे धोकेही आहेत, वारंवार एमआरआय करावा लागतो. गेलेलं परत येत नाही. आणि जाहिरातीतली स्मरणशक्तीची चूर्णं आणि सिरपं, त्यावर मी चार हजार रुपये घालवले, तुम्ही घालवू नका.

त्यापेक्षा टाळण्यासारखं बरंच आहे. २०२४ सालीच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की १४ गोष्टींकडे आयुष्यभर लक्ष दिलं तर जगातले जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, सिगारेट, दारू, व्यायाम नसणं हे सगळं तुम्ही डॉक्टरांकडून ऐकलेलंच आहे. पण त्या यादीत बहिरेपण आहे, हे आपल्या टाउनशिपने कान देऊन ऐकावं. इथली कितीतरी मंडळी तीस-तीस वर्षं शॉपमध्ये मशीनच्या आवाजात उभी राहिली. ऐकू येत नाही म्हणून टीव्ही मोठा, माणसांत जाणं कमी, आणि श्रवणयंत्र आणून कपाटात. "म्हातारं दिसतो." कान मिटले की बोलणं संपतं, आणि मेंदूला मिळणारं खाद्यही कमी होतं. ते यंत्र आज घरी जाऊन कपाटातून काढा. बॅटरीचे पैसे पाहिजे तर मी देते. एकटं राहणं हेही त्या यादीत आहे, म्हणून आरतीला लिफ्टने का होईना खाली या.

भारतात साठीच्या वरच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे, शंभरात सातहून अधिक. या सभागृहात साठीच्या वरचे किती आहेत ते तुम्हीच मोजा. तरी गेल्या दहा वर्षांत माझ्याकडे येऊन "आमच्याकडेही आहे" असं म्हणणारी चारच घरं. बाकीचे दार लावून बसलेत. बायका जास्त. सुनेने काही म्हणावं तर "सासूला वेडं ठरवते", आणि मुलगा परदेशातून फोनवर दहा मिनिटं बोलतो, तेवढा वेळ आई छान बोलते, मग तो म्हणतो, "आई तर ठीक आहे, तुम्हीच वाढवून सांगता." माझ्या मुलानेही हेच म्हटलं होतं. पंधरा दिवस येऊन राहिला आणि चौथ्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन रडला.

सांभाळणाऱ्याचं कोणी विचारत नाही. मीही ह्यांच्यावर ओरडले आहे. एकदा हात धरून जोराने खेचलं, मनगटावर वळ उठला आणि दहा मिनिटांनी तेच मला विचारत होते, "हे कशाने झालं गं?" त्या दिवशी मी शेजारच्या वहिनींकडे जाऊन बसले आणि त्यांनी काही न विचारता आठवड्यातून दोन दुपारी ह्यांच्याजवळ बसायचं कबूल केलं. त्या दोन दुपारी मी नुसती झोपायचे.

ते पावतीपुस्तक सापडलं २०१४ मध्ये. माझ्या शिवणयंत्राच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली. सात नंबरचं. पुस्तकाला रबर लावलेलं आणि आत नोटा, १८,४०० रुपये, चिल्लरसुद्धा वेगळ्या पुडीत. जपून ठेवायचं म्हणून ठेवलं आणि ठेवल्याचं गेलं. सेक्रेटरींना दाखवलं, तर ते म्हणाले, हे सभेत वाचायचं. त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात ते आहे, कोणालाही पाहता येईल. हे माझ्या शेजारीच बसले होते. सेक्रेटरींनी वाचून दाखवलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून ह्यांनीही वाजवल्या. मग मला हळूच विचारलं, "कोणाचा सत्कार आहे?"

पुढची वर्षं तुम्हाला माहीत आहेत. मला ते २०१७ पासून ओळखत नव्हते, 'बाई' म्हणायचे. पण आरती सुरू झाली की टाळी अचूक तालावर आणि मंत्रपुष्पांजलीचे सगळे शब्द. जुनी चाल मेंदूत फार खोल मुरलेली असते आणि उशिरा हलते असं म्हणतात. शेवटी गिळता येईना, घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया झाला, या आजारात बहुतेकदा असाच शेवट होतो. फेब्रुवारी २०१९.

आता कामाचं. ज्येष्ठांसाठी सरकारी मदतवाहिनी आहे, १४५६७, कुठूनही फोन लागतो. अल्झायमर रुग्णांच्या घरच्यांसाठी 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था १९९२ पासून काम करते, हैदराबादलाही तिची शाखा आहे. २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन, आपल्या उत्सवाच्या आसपासच येतो. आणि अध्यक्षांनी परवानगी दिली आहे म्हणून सांगते, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता सभागृहाच्या मागच्या खोलीत मी बसणार आहे. ज्यांच्या घरी हे आहे, किंवा असेल अशी शंका आहे, त्यांनी या. नाव लिहून घेणार नाही, रजिस्टर नाही. पेशंटलाही घेऊन या, सरोजा येणार आहे, ती त्यांच्याजवळ बसेल. चहा मी करीन, साखर मात्र ज्याची त्याने सांगायची.